तिसरी पुकार

सानपाडा,
१५ सप्टेंबर २०२५

वन्सं,

सलाम. आधी तुमच्या गुडघ्यांना, मग तुम्हाला. तेलाची बाटली पोचली का ते कळवलं नाहीत. फोनवर विचारायची सोय नाही. तुम्ही फोन कानाला लावता आणि "कोण गेलं?" म्हणून ओरडता. त्यापेक्षा आपलं पोस्ट बरं.

इकडे ठीक. जाई सकाळी बेलापूरला ऑफिसला जाते, मी न्हावा शेव्याची कंपनीची बस पकडते. दिवसभर कंटेनरचे कागद. कुठला डबा कुठून आला, कुठे जायचा, आत काय. बावीस वर्षं झाली, एकही डबा उघडलेला बघितला नाही. मला कागद दिसतात फक्त.

आमची उपासना अजून वाशीच्या त्याच हॉलमध्ये, भाड्याच्या खुर्च्यांवर. मागच्या रविवारी आमच्या आधी कुणाचं तरी बारसं होतं, पाळकसाहेबांनी फुग्यांखाली उभं राहून उपदेश केला. बुधवारची प्रार्थनासभा दिघ्याला असते, एका चाळीत. हल्ली मी नेमाने जाते. जाई टोमणे मारते, "मम्मी, सानपाड्यात तुला देव भेटत नाही का?"

तिथे एक जण आहेत, हिरामण वाघचौरे. आमच्याच पोर्टला ट्रेलर चालवतात. त्यांनी परवा सभेत साक्ष दिली, देवाने आपल्याला कसं बदललं त्याची. उभे राहिले, टोपी हातात चुरगाळली आणि म्हणाले, "मी रोज देवाला म्हणायचो, मला आहे तसाच ठेव. त्याने ऐकलं नाही." सगळे हसले. मला हसू आलं नाही, वन्सं. जयप्रकाश गेल्यापासून सहा वर्षं मी हीच प्रार्थना करते आहे, आहे तसं ठेव, काही हलवू नकोस. आणि माझं त्याने ऐकलंय असं वाटतं. ते चांगलं की वाईट, हे हल्ली कळेनासं झालंय.

असो. सहज लिहिलं. बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
नंदिनी


नांदूर, जि. नगर
२४ सप्टेंबर

नंदिनी,

सलाम. तेल पोचलं. वास उग्र आहे, पण गुण आहे. शेजारची काशी रोज मागायला येते, तिला मी रिकामी बाटली दाखवते.

ट्रेलरवाल्याची साक्ष आवडली. असली माणसं मंडळीत पाहिजेत, आमच्याकडे नुसते खुर्चीसाठी भांडणारे राहिलेत. पण तुला काय झालं गं? तुला कुठे काय बदलायचंय? आहे तशी ठेव म्हणालीस आणि त्याने ठेवली, तर आभार मान. एक्कावन्न वर्षांच्या बाईने उगाच डोक्याला ताप करून घेऊ नये. चाळीस वर्षं मिशन हॉस्पिटलात नर्स होते मी. बाईमाणसाचं या वयात मन उडतं, मग आपोआप जागेवर येतं.

आता महत्त्वाचं. जयप्रकाशच्या कबरेवर सहा वर्षं नुसता सिमेंटचा चौथरा होता, मला बघवत नव्हता. या वेळी दगड बसवला. काळा, गुळगुळीत. ज्योतिबा पाथरवट म्हणाला, "सिस्टर, शेजारची जागा वहिनींचीच आहे, तर दोन्ही नावं एकदमच कोरू, परत कशाला मला बोलवायचं?" मला पटलं. तर त्याच्या नावाशेजारी तुझं नाव घातलं. आडनाव वगैरे नाही, नुसतं 'नंदिनी', खाली जन्मसाल आणि एक रेघ. रेघेपुढे मोकळं ठेवलंय. फार सुरेख दिसतं. नाताळात येशील तेव्हा बघ.

तुझी,
गोजरा


सानपाडा,
२५ ऑक्टोबर

वन्सं,

सलाम. दगडावर माझं नाव कोरलंत हे वाचलं आणि पत्र घडी करून डब्यांच्या मागे ठेवून दिलं. तुम्ही मायेने केलंत, मला माहीत आहे. पण ऑफिसात कागदांवर सही करताना हात थांबायला लागला. सही करते आहे ती बाई गावी पुरलेली आहे, असं वाटायचं.

आता जे लिहायचं ते लिहिते, नाही तर परत फाडून टाकीन. तीन पत्रं फाडली आहेत.

हिरामण वाघचौरेंनी मला लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं. २९ नोव्हेंबर ठरलाय.

ते पंचावन्न वर्षांचे आहेत. बायको जाऊन अकरा वर्षं झाली, मूल नाही. सभा संपल्यावर खुर्च्या उचलायला आम्ही दोघं मागे राहायचो, बाकी काही नाही. मी प्रार्थना बदलली, वन्सं. 'आहे तसं ठेव' म्हणणं सोडलं. 'तुला हवं तसं कर' म्हटलं आणि म्हटल्याबरोबर घाबरले. पोहता येत नसताना खाडीत पाय टाकल्यासारखं. तो पाय अजून मागे घेतलेला नाही, एवढंच सांगते.

आणखी एक घोळ आहे. पाळकसाहेबांनी माझा सभासदत्वाचा दाखला मागितला, तर तो अजून नांदूरच्याच चर्चमध्ये आहे. चोवीस वर्षं या शहरात राहून मी तो आणलाच नाही. हॉलला आणि भाड्याच्या खुर्च्यांना चर्च म्हणावंसं कधी वाटलं नाही. त्यामुळे आमच्या लग्नाची पुकार वाशीत आणि नांदुरात, दोन्हीकडे तीन रविवार होणार. तुमच्याकडे ९ तारखेपासून होईल असं धरून चालले आहे. तुम्ही पुढच्या बाकावर बसता. पाळकांनी नावं वाचून "कुणाची हरकत आहे का?" विचारण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

रागवा. पण उत्तर द्या.

नंदिनी


नांदूर,
५ नोव्हेंबर

नंदिनी,

तुझं पत्र काल मंगळवारी मिळालं. पुकार रविवारी, २ तारखेला झाली. तुझ्या पाळकसाहेबांनी आमच्या पाळकांना मोबाइलवर कागद पाठवला आणि इथल्यांनी ९ तारखेची वाट बघितली नाही.

एरवी मला उपदेशातला शब्द ऐकू येत नाही. हे बरोबर ऐकू आलं. "हिरामण वाघचौरे, विधुर, राहणार दिघा, आणि नंदिनी रणदिवे, विधवा, या मंडळीच्या सभासद." पहिली पुकार. कुणाची हरकत आहे का?

मी उभी राहिले. या गुडघ्यांनी कशी राहिले कोण जाणे. पाळक माझ्या कानाशी येऊन ओरडले, "सिस्टर, हरकत आहे?" म्हटलं, आहे. "काय आहे?" अख्खं चर्च माझ्याकडे बघतंय. म्हटलं, "मला कुणी सांगितलं नाही." मागे कुणीतरी हसलं. चाळीस वर्षं ज्यांची बाळंतपणं केली, ती माणसं हसली.

पाळकांनी नंतर समजावलं, असं तोंडी चालत नाही, तिसऱ्या पुकारेच्या आत कारण लेखी द्या. दिलंत तर चौकशी होईपर्यंत लग्न लावता येणार नाही.

आणि एक विचारते. पत्रावर तारीख २५ आणि पाकिटावर शिक्का ३१चा. सहा दिवस पत्र कुठे होतं?

आणखी एक. त्याने साक्ष दिली म्हणतेस. साक्ष काय चांगल्या सवयीची देतात? त्याचं काय सुटलं, ते दोन्ही पत्रांत लिहिलं नाहीस.

गोजरा


सानपाडा,
८ नोव्हेंबर

वन्सं,

पत्र सहा दिवस माझ्या पर्समध्ये होतं. पोस्टाचा दोष नाही. सानपाडा स्टेशनला जाताना रोज पोस्टाच्या पेटीसमोरून जायचे आणि उद्या टाकू म्हणायचे. तुमची माफी मागते. चर्चमध्ये तुम्ही तशा उभ्या राहिलात, हे डोळ्यांसमोरून जात नाही.

पण हरकत? माझ्यावर? जयप्रकाशच्या दोन्ही अटॅकांत त्यांना उचलून हॉस्पिटलात कुणी नेलं? सहा वर्षं मी काय कमी केलं? आमच्याकडेही कळलंय. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, लेखी हरकत आली तर माझे हात बांधलेले आहेत." हॉल रद्द करू का, विचारतायत. जाई आठ दिवस माझ्याशी बोलत नाही. पप्पांचा फोटो बाहेरच्या खोलीतून काढून तिने आपल्या खोलीत नेलाय. भिंतीवर चौकोनी डाग राहिलाय, जेवताना समोर तोच दिसतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दारू. हिरामण वीस वर्षं प्यायचे. ट्रेलरच्या केबिनमध्ये प्यायचे. बायको आजारी होती तेव्हा प्यायचे, गेली तेव्हाही शुद्धीत नव्हते. साक्षीत हे सगळं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सोडल्याला नऊ वर्षं झाली.

मी लपवलं, कारण मलाच भीती वाटते. हे कुणालाच सांगितलेलं नाही. ते भेटले की मी काहीतरी निमित्त करून जवळ जाते आणि तोंडाचा वास घेते. प्रत्येक वेळी. विश्वास ठेवते म्हणते, हात जोडते, आणि वास घेते. महिन्याभरापूर्वी त्यांच्या लक्षात आलं. आता दारात आले की आत यायच्या आधी उभे राहतात, म्हणतात, "हा करू?" आणि लहान मुलासारखा हा करतात. मग चप्पल काढतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण वास घेणं सुटत नाही.

असं लग्न करावं का, वन्सं? ज्याच्यावर पुरता भरवसा नाही, त्याच्याशी? नंदिनी रणदिवे म्हणून तुमच्या दगडाखाली जाणं सोपं आहे. तिथे कुणाचा वास घ्यावा लागत नाही.

नंदिनी


नांदूर,
११ नोव्हेंबर

नंदिनी,

दुसरी पुकार झाली. मी बसून राहिले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

तू माझ्या घरात आलीस तेव्हा आमचे वडील नव्हते. तुला सांगितलं, ते टीबीने गेले. खोटं सांगितलं. ते पिऊन गेले. आई त्यांचा मार खाऊन गेली. चर्चला पांढरं धोतर नेसून यायचे आणि सगळ्यांच्या आधी आमेन म्हणायचे. वर्षातून दोनदा शपथ घ्यायचे, रडायचे, महिना दोन महिने टिकायचे. 'आता सुटली' हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. नऊ वर्षं म्हणजे काय? हॉस्पिटलात बारा वर्षांनी परत प्यालेला माणूस मी हाताने धुतलाय.

दुसरं. हे जयप्रकाशलाही माहीत नव्हतं. माझ्या लग्नाची पुकार झाली होती. अठ्ठ्याहत्तर साली, याच चर्चमध्ये. मी बावीसची. पुण्याचा मुलगा, प्रेसमध्ये कंपोझिटर. भावाला बरोबर आणू नको म्हणाला. जयप्रकाश अकरा वर्षांचा, घरात तो आणि बाप दोघंच उरले असते. दोन पुकारा झाल्या. तिसऱ्या रविवारी उपासनेच्या आधी मी जाऊन पाळकांना सांगितलं, वाचू नका. बस. त्यानंतर मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाची वाट बघितली नाही.

त्या पोराला मी बापापासून वाचवलं आणि तुझ्या हातात दिलं. आता तू त्याचं घर उचलून दारूवाल्याच्या हातात देतेस.

हरकत लिहिली आहे. कारण खरं लिहिलंय, त्याचं जुनं व्यसन. घडी करून पवित्र शास्त्रात ठेवली आहे. रविवारी पाळकांच्या हातात देईन. मला वाईट म्हण.

गोजरा


सानपाडा,
१४ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी रडले. स्वतःसाठी नाही. चोवीस वर्षं आपण एकमेकींना पत्रं लिहितोय आणि ही गोष्ट तुम्ही एकटीनेच सांभाळलीत.

हिरामणनी पत्र वाचायला मागितलं. आधी नको वाटलं, मग दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "सिस्टरांचं चूक नाही. मीपण त्यांच्या जागी हेच लिहिलं असतं." मग म्हणाले, मी जाऊन येतो. मी म्हटलं, तुम्ही कशाला, त्या तुम्हाला उभं करणार नाहीत. तर म्हणाले, "उंबऱ्याबाहेर उभा राहीन. तेवढी सवय आहे."

त्यांनी सुट्टी टाकली आहे. हे पत्र त्यांच्याच हाती देते. शनिवारी पोचतील.

वन्सं, तुम्ही हरकत दिलीत तर मी तुमच्याशी भांडणार नाही. तुमच्या हरकतीवर पाय देऊन मांडवात जाणार नाही. पण परत 'आहे तसं ठेव' अशी प्रार्थना माझ्याच्याने होणार नाही. ती संपली. लग्न झालं नाही तरी मी सहा वर्षांपूर्वीची नंदिनी राहणार नाही, आणि पुढे काय होणार त्याची मला अजून भीती वाटते. भीतीसकट चाललेय, एवढंच.

तुमची,
नंदिनी


नांदूर,
२० नोव्हेंबर

नंदिनी,

सलाम.

शनिवारी दुपारी दार वाजलं. मला ऐकू आलं नाही, काशीने येऊन सांगितलं, बाहेर कुणी धिप्पाड माणूस उन्हात उभा आहे. बघते तर हा. टोपी हातात. मी काही बोलायच्या आत मोठ्याने म्हणाला, "सिस्टर, आधी तपासून घ्या," आणि वाकून माझ्या नाकासमोर हा केला. कांद्याचा भपकारा आला. कुठेतरी भजी खाऊन आला होता. काशी पदर तोंडाला लावून हसत सुटली. मला हसू येत होतं, पण मी येऊ दिलं नाही.

चहा दिला. म्हटलं, शपथ घे, पुन्हा पिणार नाहीस. घ्यायचीच, असं धरून बसले होते. तो नाही म्हणाला. म्हणाला, "सिस्टर, जन्माची शपथ मी घेत नाही. पूर्वी लई घेतल्या. मी सकाळी उठून आजच्या दिवसाचं मागतो. उद्याचं उद्या मागीन. नंदिनीताईंना पण एवढंच सांगितलंय." बरीच वर्षं नर्स होते, बाई. शपथ घेणारे पुष्कळ बघितले. न घेणारा हा पहिलाच.

मग त्याने कबर दाखवा म्हटलं. नेलं. दगडापुढे उभा राहिला, तुझं नाव वाचलं, खालची रेघ वाचली. डोक्यावरून टोपी काढली ती परत येईपर्यंत घातली नाही. जाताना म्हणाला, तुम्ही कागद दिलात तरी मला राग नाही, फक्त त्यांना पत्र लिहायचं बंद करू नका.

रविवारी मी शास्त्र घेऊन गेले. घडी आतच होती. पाळकांनी पुकारेचा कागद काढला आणि आधी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. पाळक कानाशी यायला निघाले तर मी त्यांना हाताने थांबवलं, पुढे गेले आणि त्यांच्या हातातला कागद मागितला. त्यांना वाटलं, मी फाडणार. दिला बिचाऱ्यांनी.

मी वाचला. मोठ्याने वाचला, मला माझाच आवाज ऐकू येत नाही म्हणून जरा जास्तच मोठ्याने. हिरामण वाघचौरे, विधुर. नंदिनी रणदिवे, विधवा, या मंडळीच्या सभासद. तिसरी आणि शेवटची पुकार. हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने म्हटले. अठ्ठ्याहत्तर साली ते माझ्यासाठी म्हटले गेले असते. कुणाची हरकत आहे का, विचारलं आणि पुरतं थांबले. कुणीही उठलं नाही. मीच उभी होते, आणि माझी नव्हती.

माझी भीती गेली असं समजू नकोस. तो प्याला तर मला कळव, लपवू नकोस, त्याच दिवशी निघून ये. आणि वास घेणं सोडू नकोस, त्याला ते चालतं. लग्नाला मी येणार नाही. जाईला वाटेल मी तुझ्या बाजूने उभी राहिले, आणि या वेळी तिच्या बाजूनेही कुणी पाहिजे. तिला माझ्याकडे पाठव, तिच्या बापाच्या लहानपणीच्या गोष्टी तिला सांगायच्या आहेत. लोकांना सांग, गुडघे.

काल ज्योतिबाला बोलावलं. तो कुरकुरला, सिस्टर, कोरलेलं असं पुसता येत नाही. म्हटलं, घास. दिवसभर घासलं त्याने. तुझ्या नावाच्या जागी जरासा खोलगटपणा आलाय, हात फिरवला की कळतो. तिथे 'गोजरा' कोरलं, खाली माझं जन्मसाल. तीनच अक्षरं, बरोबर बसली. पंचांना सांगून जागाही माझ्या नावावर करून घेतली. जयप्रकाशला लहानपणी माझ्या शेजारीच झोप लागायची.

तुझी जागा इथे नाही आता, नंदिनी. दाखला सोबत पाठवते आहे, वाशीला देऊन टाक.

तुझी,
गोजरा